मधल्या सुट्टीचं फाटक

मंडळी, गेल्या रविवारी मला एका कागदावर फक्त एक सही करायची होती. दोन कप चहा झाला, दुपार झाली, तरी ती झाली नाही. मग संध्याकाळी नेहमीचा उद्योग केला, म्हणजे विषयाच्या इतिहासात घुसलो. (हापिसातही मी हेच करतो. बग दुरुस्त करायच्या आधी तो कोड कुणी, कधी आणि का लिहिला ते शोधत बसतो. मॅनेजर वैतागतो.)

कागद लेकीच्या शाळेतून आला होता. ती यंदा अकरावीत गेली. आमच्या इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, तिच्या शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना जेवणाच्या सुट्टीत शाळेबाहेर जाता येतं, पालकांची सही असेल तर. कागदावर राज्याच्या शिक्षण कायद्यातलं कलम ४४८०८.५ दिलं होतं. साध्या मराठीत सांगायचं तर, हायस्कूलच्या मुलांना जेवायला बाहेर सोडायचं की नाही ते शाळा चालवणारं स्थानिक मंडळ ठरवू शकतं. सोडणार असेल तर तसं पालकांना दरवर्षी कळवायचं. आणि मूल फाटकाबाहेर असताना ते कसं वागलं, त्याचं काय बरंवाईट झालं, याला मंडळ किंवा शाळेचे कर्मचारी जबाबदार नाहीत.

वाचून हसू आलं. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण न वाचता ज्या करारावर 'मान्य' म्हणतो, अगदी तोच सूर!

बायको म्हणाली, "मी नाही हं सही करणार. कुणाच्या तरी गाडीत बसून जाईल ती."

"मी तिच्याएवढा असताना रोज बाहेर जायचो."

"अरे, तुझ्या शाळेबाहेर वडापावची गाडी होती. सहा पदरी रस्ता नव्हता."

मुद्दा बिनतोड होता. आता त्या वडापावच्या गाडीबद्दल. आठवीपर्यंत मधल्या सुट्टीत आमचं फाटक सताड उघडं असे. बोरं, चिंचा, बर्फाचा गोळा आणि वडापाव, सगळं हाताशी. आठवीच्या दिवाळीनंतर ते एकदम बंद झालं. कारण सांगितलं 'आरोग्य'. त्याच आठवड्यात शाळेत कॅन्टीन सुरू झालं, आणि तिथला वडा बाहेरच्यापेक्षा महाग, शिवाय गार. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. मग काय, गजांमधून हात बाहेर काढून वडापाव घ्यायचा आमचा धंदा सुरू झाला. एकदा शिपाईमामांनी मला पकडलं आणि उरलेली सुट्टी मी ऑफिसबाहेर उभा राहून काढली. वडा जप्त. शिक्षेचं मी विसरलो, पण वड्याचं दुःख अजून आहे :-)

असो. तर प्रश्न असा की हे फाटक आलं कुठून? दुपारचं जेवण ही शाळेची भानगड कधीपासून झाली?

अमेरिकेत याचा एक धागा बोस्टनला जातो. एलन रिचर्ड्स नावाच्या बाई होत्या, रसायनशास्त्रज्ञ. एमआयटीतून पदवी घेणारी पहिली स्त्री, १८७३ सालची. १८९० मध्ये त्यांनी आणि मेरी हिनमन एबल यांनी बोस्टनमध्ये 'न्यू इंग्लंड किचन' सुरू केलं. स्वस्त, पौष्टिक, मोजूनमापून केलेलं अन्न गरिबांना विकायचं आणि कमी पैशांत नीट कसं खावं हे त्यांना शिकवायचं, असा हेतू. हेतू उत्तमच. पण गरीब वस्त्यांतली माणसं देशोदेशींहून आलेली, आणि हा मटार-सूप, मक्याच्या लापशीचा प्रकार त्यांच्या जिभेला काही रुचेना. ते आपलं चवीचं खाणं सोडून इकडे वळले नाहीत.

मग किचनला गिऱ्हाईक मिळालं ते शाळांचं. त्यापूर्वी बोस्टनच्या काही हायस्कुलांत शाळेचे रखवालदारच मुलांना खाऊ विकत. १८९४ मध्ये तिथल्या शाळा समितीने ठरवलं की आपण मंजूर केलेलंच अन्न शाळांत विकायचं, आणि काम न्यू इंग्लंड किचनकडे गेलं. एका मध्यवर्ती स्वयंपाकघरात रांधायचं आणि शाळांत पोचवायचं. (आज याला क्लाउड किचन म्हणून गुंतवणूकदारांकडून पैसे उभे केले असते.)

इथे मी जरा थांबलो. ज्यांना दुसरीकडे जाता येत होतं त्यांनी हे जेवण नाकारलं. ज्यांच्यासमोर पर्याय कमी होते ते त्याचं पक्कं गिऱ्हाईक झाले. जेवण वाईट होतं असं मी म्हणत नाही. रखवालदाराच्या खाऊपेक्षा ते बरंच असणार. पण मुलांना काय आवडतं, हा प्रश्न या गोष्टीत कुठेच येत नाही.

त्यानंतर या गोष्टीत येतं ते सैन्य! इंग्लंडने १८९९ ते १९०२ बोअर युद्ध लढलं, तेव्हा भरतीला आलेल्यांपैकी बरेच तरुण शरीराने इतके खंगलेले निघाले की सरकार हादरलं. चौकशी समिती बसली, १९०४ मध्ये तिचा अहवाल आला, आणि १९०६ मध्ये कायदा झाला. भुकेल्या मुलांना शाळेत जेवण द्यायची परवानगी स्थानिक संस्थांना मिळाली. सक्ती नव्हे, परवानगी. ब्रॅडफर्ड शहरात १९०७ मध्ये एक झकास प्रयोग झाला. काही मुलांना शाळेत रोज जेवू घातलं, त्यांची वजनं नोंदली आणि जेवण न मिळालेल्या मुलांशी ताडून पाहिली. जेवणाऱ्या मुलांचा आलेख वर गेला, आणि मधे सुट्टी पडली तेव्हा वजनं उतरली. ए-बी टेस्टिंग आपण शोधलं असं वाटणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

अमेरिकेची कथाही तीच, चाळीस वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीत कितीतरी तरुण नापास झाले, आणि त्यामागे लहानपणचं निकृष्ट खाणं आहे अशी साक्ष भरती खात्याचे प्रमुख जनरल हर्शी यांनी अमेरिकी संसदेपुढे दिली. ४ जून १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यावर सही केली. (त्यांची एका दिवसात झाली म्हणायची!) कायद्याच्या सुरुवातीलाच हेतू लिहिलाय: राष्ट्रीय सुरक्षा, मुलांचं आरोग्य आणि देशातल्या शेतमालाला उठाव. मधे मुलं, आणि त्यांच्या एका बाजूला लष्कर, दुसऱ्या बाजूला शेतकरी. या कायद्याने कोट्यवधी मुलं जेवली, हे निर्विवाद. पण ताटात काय पडायचं हे बराच काळ सरकारने शेतकऱ्यांकडून काय उचललंय त्यावरही ठरत असे.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. साल १९६८, महिना मार्च, ठिकाण पूर्व लॉस एंजेलिस. गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन, विल्सन अशा हायस्कुलांत बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची. वर्गात स्पॅनिश बोललं तर शिक्षा व्हायची, कॉलेजऐवजी हातकामाच्या वर्गाकडे ढकललं जायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वच्छतागृहांना कुलपं! लिंकन हायचे शिक्षक साल कास्ट्रो मुलांच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्या आठवड्यात हजारो मुलं वर्ग सोडून, फाटकं ओलांडून रस्त्यावर आली. पोलिसांनी काहींना बदडलं. नंतर कास्ट्रोंसह तेरा जणांवर कट केल्याचा खटला भरला गेला.

मुलांनी शिक्षण मंडळापुढे मागण्यांची लांबलचक यादी ठेवली. द्विभाषिक शिक्षण, आपला इतिहास सांगणारी पुस्तकं, वगैरे मोठ्या मागण्या त्यात आहेतच. पण विद्यार्थ्यांच्या हक्कांखाली दोन साध्या गोष्टी आहेत. एक, शाळेच्या वेळात इमारतींची दारं आणि स्वच्छतागृहं सगळ्या मुलांना खुली असावीत. दोन, शाळेचं जेवण मेक्सिकन वळणाचं असावं, आणि ते करताना वस्तीतल्या आयांना बोलवून त्यांच्या देखरेखीखाली करावं. शिवाय त्या आयांना कामाचे पैसे द्यावेत!

मी हे दोनदा वाचलं. सोळा-सतरा वर्षांची पोरं पोलिसांचा मार खाऊन आली होती. ती म्हणत होती की आमच्या आयांना आत घ्या, त्यांची चव आत येऊ द्या. बोस्टनच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंना न सुचलेली गोष्ट या पोरांनी एका कलमात लिहिली होती.

आता आयांचाच दुसरा किस्सा. हा इंग्लंडचा, २००६ चा. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी. १९४४ च्या शिक्षण कायद्याने तिथे शाळेत जेवण पुरवणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं होतं. १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने ते बंधन बरंचसं काढलं आणि पोषणाचे निकषही गुंडाळले. पुढच्या पंचवीस वर्षांत शाळांच्या ताटात चिप्स आणि 'टर्की ट्विझलर्स' नावाची पीळदार तळीव वस्तू येऊन बसली. २००५ मध्ये शेफ जेमी ऑलिव्हरने टीव्हीवर मालिका करून दाखवलं की एका मुलाच्या जेवणातल्या जिनसांवर अवघे ३७ पेन्स खर्च होतात. देशभर बोंब झाली. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २८ कोटी पौंड जाहीर केले आणि सप्टेंबर २००६ पासून नवे कडक निकष आले.

त्याच महिन्यात यॉर्कशायरमधल्या रॉदरहॅमजवळ, रॉमार्श गावच्या शाळेने जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाणं बंद केलं. आतलं खाणं आता पौष्टिक आहे, ते खा. यावर काही आयांनी काय करावं? जवळच्या दुकानांतून बर्गर, चिप्स, सँडविच आणून शाळेच्या कुंपणाच्या गजांमधून मुलांना द्यायला सुरुवात केली! मुलं गजाआडून ऑर्डरी देत होती. वर्तमानपत्रांनी या बायकांची यथेच्छ टिंगल केली. ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनात बोरिस जॉन्सन यांनी मात्र आयांची बाजू घेतली, लोकांना हवं ते खाऊ द्या म्हणाले. (हेच गृहस्थ पंतप्रधान असताना २०२० मध्ये स्वतः कोविडमधून उठल्यावर लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढून बसले. काळाचा महिमा.)

गजांमधून वडापाव घेतलेल्या माझ्यासारख्याला कुणाची बाजू घ्यावीशी वाटेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पण प्रामाणिकपणे सांगतो, आकडे जेमीच्या बाजूने आहेत. त्याने ग्रिनिच भागातल्या शाळांत आधी बदल केला होता. दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर तिथल्या प्राथमिक शाळांचे निकाल शेजारच्या भागांशी ताडून पाहिले. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी आणि विज्ञानात मुलांची प्रगती दिसली, आजारपणाच्या रजाही कमी झाल्या. म्हणजे आतलं अन्न सुधारणं फुकट गेलं नाही.

मग रॉमार्शच्या बायका चुकल्या का? चिप्सच्या बाबतीत, बहुधा हो. पण त्यांची तक्रार नुसती चिप्सची नव्हती. रांगा लांब आहेत, वेळ पुरत नाही, मुलांना हे आवडत नाही, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही, असं त्या म्हणत होत्या. पूर्व लॉस एंजेलिसच्या आयांसाठी मुलांनी आत जागा मागितली. रॉमार्शच्या आया गजांबाहेर उभ्या राहिल्या. दोन्ही ठिकाणी आईच्या हातात अन्न होतं आणि मधे कुंपण होतं.

इथपर्यंत आल्यावर माझं मत पक्कं होत आलं होतं. फाटक बंद करायचा हक्क शाळेला आहे, पण तो तिने कमवावा लागतो. आत बसायला जागा, खायला वेळ, आणि काय शिजवायचं ते ठरवताना मुलांना विचारणं. हे नसेल तर फाटक उघडा. झालं, कर सही.

आणि मग मी मूर्खपणा केला, म्हणजे आणखी एक गोष्ट वाचली.

अमेरिकेत शालेय भोजन सुरू झालं तेव्हा ज्यांना परवडत नाही त्यांना ते फुकट किंवा स्वस्तात द्यायचं होतं. कित्येक शाळांत अशा मुलांना वेगळ्या रंगाचं तिकीट असे, किंवा वेगळी रांग. अख्ख्या वर्गाला कळायचं कोण गरीब आहे ते. काही मुलं त्यापेक्षा उपाशी राहणं पसंत करायची. शेवटी १९७० मध्ये कायदा दुरुस्त करून अशी उघड ओळख पाडायला बंदी घालण्यात आली. आमच्या राज्याने तर २०२२-२३ पासून सरकारी शाळांत सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट केलंय. श्रीमंत-गरीब भेदच नाही. उत्तम!

पण फाटक उघडलं की काय होतं? ज्याच्या खिशात रोज बाहेर खायला पैसे आहेत तो बाहेर जातो. ज्याच्याकडे नाहीत तो आत राहतो. जे रंगीत तिकीट कायद्याने काढून घेतलं, ते उघडं फाटक परत हातात देतं, आणि यावेळी कुणी काही छापावंही लागत नाही.

मी लेकीला हाक मारली. सांगितलं, बस जरा. विचारलं, तुला बाहेर का जायचंय? आत तर फुकट मिळतं.

"बाबा, पस्तीस मिनिटांची सुट्टी. त्यातली पंधरा रांगेत जातात. आणि..." ती जरा थांबली. "सकाळपासून घंटा, हजेरी, पास. टॉयलेटला जायलाही पास. ती पस्तीस मिनिटं कुणी मोजत नाही, एवढंच हवंय."

मला १९६८ ची कुलपं आठवली. तिला सांगितली. तिला ती गोष्ट माहीत नव्हती. तिची शाळा त्याच राज्यात आहे, तरीही.

"तुझ्या सगळ्या मैत्रिणी जाणार आहेत?"

"एक सोडून. तिला रोज नाही जमत." पुढे तीच म्हणाली, "म्हणून आम्ही ठरवलंय, दोन दिवस बाहेर, तीन दिवस आत. बाहेर जायचं ते पार्कात, घरून डबे नेऊन. तिथे काही विकत घ्यावं लागत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ मी बोस्टन, ब्रॅडफर्ड करत फिरत होतो, आणि पोरींनी आपापसात दोन मिनिटांत तोडगा काढला होता. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

गाडीचं मात्र बायकोचंच खरं. नवख्या पोरांच्या गाडीत सोबती वाढले की अपघाताचा धोका वाढतो, हे इथल्या आकडेवारीत पुन्हापुन्हा दिसलंय. म्हणून आमच्या राज्यात परवाना मिळाल्यावर पहिले बारा महिने, सोबत पंचविशीच्या वरचा परवानाधारक नसेल तर, विशीच्या आतल्या कुणाला गाडीत घेता येत नाही. ते तिला वाचून दाखवलं. चालत जायचं, चालत यायचं, गाडीत बसायचं नाही. कबूल झाली. मग बायकोनेच पेन पुढे केलं, आणि सही मी केली.

त्यासोबत शाळेला एक छोटं पत्रही धाडलंय. वाद घालणारं नाही. एवढंच विचारलंय की जेवणाची रांग पंधरा मिनिटांची का आहे, आणि जेवणाची यादी ठरवताना मुलांना बोलावतात का. ज्या मुलांना रोज आतच राहायचंय त्यांच्यासाठी हे फाटकापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. उत्तर आलं की कळवीनच.

तूर्तास, उद्या सोमवार. डब्यात काय, असं लेकीला विचारलं. म्हणाली, "वडापाव. चार जणींना पुरेल इतका."

तर मंडळी, बटाटे उकडायला लावलेत. पुढच्या वीकांताला भेटू.